मालिका ऐकणाऱ्या बायका

आपल्याकडे बायका मालिका बघतात, असं सगळे म्हणतात. वर्तमानपत्रवाले म्हणतात, जाहिरातवाले म्हणतात आणि घरातले पुरुष तर जरा जास्तच जोरात म्हणतात. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, आपण मालिका बघतो की ऐकतो? बाहेरच्या खोलीत टीव्ही, आत ओट्यापाशी आपण. एका हातात लाटणं, एक कान दाराकडे. संगीत मोठं झालं की समजायचं, काहीतरी घडलं. मग तव्यावरची पोळी तशीच टाकून दारापर्यंत धाव घ्यायची, तोवर जाहिरात लागलेली! आमच्या बचतगटातल्या बायकांना मी मुद्दाम विचारलं, की बाई, कालच्या भागात नायिकेनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती? पंधराजणींपैकी चौघींनी सांगितलं. बाकीच्यांना गोष्ट तोंडपाठ होती, साडी मात्र माहीत नव्हती.

यात नवल काहीच नाही. वाहिन्यांचा 'प्राइम टाइम' म्हणजे संध्याकाळी सात ते रात्री दहा. आपला प्राइम टाइमही नेमका तोच! आमच्या विंचूरसारख्या गावात तर विचारूच नका. कांद्याचे दिवस असोत की द्राक्षांचे, माणसं घरी परततात ती दिवेलागणीला. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्याच गावात, त्यामुळे लिलाव, वजन, हिशेब उरकून येणाऱ्याला यायला आठ वाजतात. मुलांचे क्लास त्याच वेळी सुटतात. दूध तापवायचं, कणीक मळायची, सासऱ्यांना औषध द्यायचं, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची, हे सगळं सात ते दहामध्येच बसवायचं. आणि त्याच वेळी तिकडे पडद्यावरची सून डोळ्यांत पाणी आणून उभी!

हे आपलं नुसतं रडगाणं नाही बरं का. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरातल्या बिनपगारी कामाला, म्हणजे स्वयंपाक, धुणी, भांडी, झाडलोट वगैरेला, ही कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि पुरुषांचे ९७, असं त्यात आढळलं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांचे २८९ आणि पुरुषांचे ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली म्हणावीत, तर त्यांचीही नऊ वाचली! म्हणजे फरक होता तिथेच.

मग या पाच तासांत टीव्ही बघायचा कधी? याचं एक उत्तर तंत्रज्ञानानं कधीच शोधून ठेवलंय: कार्यक्रम साठवून ठेवा आणि आपल्या वेळेला बघा. दुसरं उत्तर त्याच्याही पुढचं: साठवलेला कार्यक्रम घरातल्या ज्या खोलीत हवा त्या खोलीत बघा. ऐकायला किती सोपं! पण ही सोय आपल्या घरात शिरली की ती कोणाच्या हाती जाते, कोणाच्या खोलीत जाते, यावर बरंच काही ठरतं. आज बोलायचंय ते याचबद्दल.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत टीव्ही आला १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी. आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या आठवणीतला टीव्ही म्हणजे १९८७-८८ सालचं रविवार सकाळचं रामायण. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या ओसरीवर सगळी आळी. त्यात एक गंमत होती. रविवारी सकाळी तेवढा वेळ बायकाही बसत असत. सगळं गावच बसलेलं, त्यामुळे 'तू काय बसलीस?' असं कोणी म्हणत नव्हतं. आता मागे वळून बघितलं की वाटतं, देवाच्या नावानं का होईना, बाईला हात रिकामे ठेवून टीव्हीसमोर बसायची परवानगी तेव्हा मिळाली होती.

पुढे केबल आली. १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ई टीव्ही मराठी. 'आभाळमाया' आली, 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली ती थेट २०१३ पर्यंत चालली. मालिका रोजच्या झाल्या, आणि रविवारचं बसणं मोडलं. रोज संध्याकाळी अर्धा तास बसायला कोण देणार? मग बायकांनी आपली वाट काढली, दुपारचं पुनःप्रक्षेपण! रात्री ऐकलेली मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची. मी तर म्हणते, वाहिन्यांनी आपल्यासाठी परस्पर केलेलं हे रेकॉर्डिंगच होतं. पण त्याच काळात भारनियमन सुरू झालं. दुपारची वीज गेली की आपली मालिका गेली. कितीजणींनी त्या वर्षांत शेजारणीकडून 'काय झालं गं काल?' असं विचारून कथा पुरी केली असेल, देव जाणे.

आणि वीज असली तरी रिमोट कुठे आपल्या हातात होता? डेव्हिड मॉर्ली नावाच्या इंग्रज अभ्यासकानं लंडनमधली अठरा कुटुंबं अभ्यासून १९८६ साली एक पुस्तक लिहिलं. घरात टीव्ही कोण बघतं, कसं बघतं, यावर. त्याला काय दिसलं? रिमोट बहुधा बापाच्या खुर्चीच्या हातावर असतो. पुरुष गप्प बसून, लक्ष देऊन बघतात. बायका मात्र बोलत बोलत, इस्त्री करत करत, काहीतरी काम हातात घेऊन बघतात, आणि नुसतं बसून बघायचं म्हटलं तर त्यांना अपराधी वाटतं. वाचलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा माणूस आमच्या निफाड तालुक्यात येऊन गेला की काय!

कार्यक्रम साठवून नंतर बघायची सोय पहिल्यांदा आली व्हिडिओ रेकॉर्डरनं. आपल्याकडे व्हिडिओ म्हणजे रात्रभरासाठी भाड्यानं आणलेला संच आणि तीन-तीन सिनेमे. पण अमेरिकेत लोक त्यावर टीव्हीचे कार्यक्रम टेप करू लागले, तेव्हा सिनेमा कंपन्यांनी सोनी कंपनीवर खटला भरला. हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल लागला की, घरच्या घरी नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं हा गुन्हा नव्हे. या खटल्यात एका भल्या माणसाची साक्ष झाली होती. फ्रेड रॉजर्स त्यांचं नाव. लहान मुलांचा फार लोकप्रिय कार्यक्रम ते करायचे. त्यांनी सांगितलं की, माझा कार्यक्रम लोकांनी टेप करून आपल्या सोयीच्या वेळी घरच्यांबरोबर बघितला तर मला आनंदच आहे. माणसानं आपल्या दिवसाचा वेळ आपण ठरवावा, असा त्यांचा विचार. न्यायालयानं निकालात त्यांच्या साक्षीचा उल्लेख केला. टीव्हीवाल्यांपैकीच एकानं बघणाऱ्याची बाजू घेतली, हे मला फार भावलं.

टेपची जागा पुढे डिस्कनं घेतली. १९९९ साली अमेरिकेत डिस्कवर रेकॉर्ड करणारे बॉक्स आले. २००१ साली तिथे असाही बॉक्स निघाला, की एका खोलीत साठवलेला कार्यक्रम घरातल्या वायरीवरून दुसऱ्या खोलीतल्या बॉक्सवर बघता यायचा. झालं, वाहिन्या आणि सिनेमा कंपन्या पुन्हा कोर्टात! ती कंपनी पुढे २००३ साली दिवाळखोरीत गेली, पण कल्पना काही गेली नाही. आपल्याकडे २००८ साली टाटा स्कायनं (२०२२ पासून त्याचं नाव टाटा प्ले) रेकॉर्डिंगचा बॉक्स आणला. चालू मालिका थांबवता येते, हे तेव्हा जादूसारखं वाटायचं. दूध उतू चाललंय? थांबव नायिकेला, घाल गॅस बंद, ये परत!

मात्र यात एक गोम आहे आणि ती विकत घेताना कोणी नीट सांगत नाही. पैसे भरून घेतलेल्या डिशच्या किंवा केबलच्या बॉक्सवर जे साठवतो, त्याला बहुधा कुलूप असतं. ते त्याच बॉक्सवर दिसतं. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला लावला तर पडदा कोरा. आमच्या गटातल्या एकीनं असाच बॉक्स घेतला, सहा महिने मालिका साठवल्या, आणि बॉक्स बिघडल्यावर बदलून आणला तर जुनं सगळं बंद. 'बँकेत ठेव ठेवावी आणि बँकेनं किल्लीच बदलावी, तसं झालं बघा ताई,' असं ती म्हणाली.

उलट सरकारी मोफत डिशचं. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली, आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला काही भरायचं नाही. तिथल्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसतं, त्यामुळे साध्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या टीव्हीवर किंवा संगणकावरही चालू शकतं. सह्याद्री वाहिनी तिथे आहेच. काही खासगी मराठी वाहिन्याही लिलावात जागा घेऊन तिथे येत-जात असतात.

आमच्या घरी याचा उपयोग झाला तो सासूबाईंमुळे. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर त्यांचा पलंग मागच्या खोलीत हलवला, कारण न्हाणीघर तिथून जवळ. पण त्यामुळे त्यांचा टीव्ही सुटला. बाहेरच्या खोलीपर्यंत वॉकर घेऊन यायचं म्हणजे दोन पायऱ्या आणि तासभर लाकडी खुर्चीवर अवघडून बसणं. आठ-पंधरा दिवसांतच त्या गप्प गप्प व्हायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, 'मला काय गं त्याचं, तुम्ही बघा.' घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं 'मला काय त्याचं' हे वाक्य नीट ऐकावं. त्याचा अर्थ 'मला कोणी विचारत नाही' असाही असतो.

माझा धाकटा मुलगा डिप्लोमाला आहे. त्यानं गच्चीवर पडून असलेली जुनी फ्री डिशची छत्री पुन्हा नीट लावली. बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला आणि कुठल्या वाहिनीवरचं किती वाजता साठवायचं, ते नेमून दिलं. या साध्या बॉक्सवर एका वेळी एकच वाहिनी पकडता येते, म्हणून हा बॉक्स फक्त साठवायच्या कामाला ठेवला. बाहेरच्या टीव्हीची पैशाची डिश वेगळी, ती ह्यांच्या बातम्यांना आणि क्रिकेटला मोकळी. सकाळी पेन ड्राइव्ह बॉक्समधून काढायचा आणि इंटरनेटच्या राउटरला मागच्या बाजूला लावायचा. रात्रीसाठी दुसरा पेन ड्राइव्ह बॉक्सला. दह्याच्या विरजणासारखं, एक वाटी काढायची, एक लावायची.

राउटर म्हणजे ज्यातून वायफाय मिळतं तो डबा. काही राउटरना पेन ड्राइव्ह लावायची जागा असते, सगळ्यांना नसते, हे घेतानाच बघून घ्यावं. नसली तर घरातला जुना लॅपटॉपही तेच काम करतो. एकदा तो लावला की घरात जेवढे स्मार्ट टीव्ही आणि मोबाइल त्या वायफायवर आहेत, त्या सगळ्यांवर साठवलेल्या कार्यक्रमांची यादी दिसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीव्हीला आणि संगणकाला एकमेकांची भाषा कळावी म्हणून मोठ्या कंपन्यांनी २००३ साली एकत्र येऊन एक ठराव केला होता. त्याला डीएलएनए म्हणतात. टीव्ही घेताना दुकानदाराला तेवढा शब्द विचारला की पुरे.

आता घरोघरच्या शंका. पहिली, यात इंटरनेटचा डेटा जातो का? नाही. कार्यक्रम घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, गावाबाहेर जातच नाही. बाहेरचं नेट बंद पडलं तरी हे चालतं, राउटरला वीज हवी एवढंच. दुसरी, जागा किती लागते? साधं चित्र असेल तर तासाला साधारण दीड-दोन जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तीस-पस्तीस तास मावतात. तिसरी, भिंती. आमच्यासारख्या जुन्या घराच्या दीड हात जाडीच्या भिंतीतून वायफाय दमून जातं आणि चित्र अडखळतं. राउटरवर दोन प्रकारच्या लहरी असतात, त्यातली २.४ वाली भिंतीतून जास्त पार जाते, ५ वाली वेगवान पण नाजूक. तरीही अडखळलं तर सरळ वायर टाकावी. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आपलं घर काही तेवढं लांब नसतं! चौथी, वीज. ठरलेल्या वेळी वीज नसेल तर कार्यक्रम साठणारच नाही. बॉक्स आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतले की काळजी मिटते.

आणि पाचवी शंका आमच्या शेजारच्या वकीलबाईंनीच काढली, हे कायद्यात बसतं का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, स्वतःच्या वापरासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक आहे. घरात साठवा, घरात बघा, पुसून टाका. पण तेच रेकॉर्डिंग विकलं, पैसे घेऊन लोकांना दाखवलं किंवा इंटरनेटवर टाकलं, की ती गोष्ट वेगळी. मुलांना हे आधीच बजावलेलं बरं.

सासूबाईंना आधी हे पटलंच नाही. पहिल्या दिवशी मुलानं कौतुकानं आदल्या संध्याकाळच्या बातम्या लावून दिल्या, तर म्हणाल्या, 'शिळी भाकरी खाईन रे बाबा, शिळ्या बातम्या नकोत.' मग बातम्या वगळल्या. कीर्तन, जुनी गाणी, 'आमची माती आमची माणसं' आणि एक मालिका एवढं ठेवलं. रिमोटवरच्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले: चालू, पुढे, थांब. आठवड्यात त्या स्वतः लावायला शिकल्या. कीर्तनकारांचा एखादा अभंग आवडला की मागे नेऊन तोच पुन्हा ऐकायच्या. आणि एक गोष्ट आम्ही कोणी योजली नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला आळीतल्या तिघी-चौघी म्हाताऱ्या त्यांच्या खोलीत जमू लागल्या. संध्याकाळी त्यांना त्यांच्या त्यांच्या घरी टीव्ही मिळत नव्हता, दुपारी इथे मिळू लागला. कीर्तन थांबवून त्यावर चर्चा, मग कोणाच्या सुनेवर चर्चा, मग पुन्हा कीर्तन! पलंगावर पडलेल्या बाईकडे लोक येऊ लागले, हे औषधापेक्षा मोठं काम त्या पेन ड्राइव्हनं केलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. आमच्या गटातल्या एकीच्या घरी हीच सोय झाली. तिच्या मिस्टरांनी हौसेनं स्वयंपाकघरात ओट्यासमोर छोटा टीव्ही लावला. बाहेरच्या खोलीतलं सगळं आत दिसतं, साठवलेलंही दिसतं. घरातले सगळे म्हणाले, आता तुझी तक्रार मिटली! दोन महिन्यांनी ती मला म्हणाली, 'ताई, आधी मालिकेच्या निमित्तानं मी दारापर्यंत तरी जायचे. पोरांच्या घोळक्यात दोन मिनिटं उभी राहायचे. आता कोणी हाकही मारत नाही. तुझा टीव्ही तुझ्याकडे आहे ना, म्हणतात.' पुढे म्हणाली, 'आणि ताई, बघणं कसलं, पोळ्याच चालू असतात. पूर्वी कानानं ऐकायचे, आता जवळून ऐकते इतकंच.'

तिचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. सोय तीच, यंत्र तेच, वायरही तीच. मग मागच्या खोलीत एका बाईभोवती माणसं जमली आणि स्वयंपाकघरात दुसरी एकटी पडली, हे कसं? मला वाटतं, फरक खोलीत नाही, बसण्यात आहे. सासूबाई बसून बघत होत्या, म्हणून त्यांच्याशेजारी दुसरीला बसता आलं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईशेजारी कोण बसणार? तिच्यासाठी टीव्ही आत आला, काम मात्र तसूभर हललं नाही. साठवून बघण्याची सोय ही आपल्याला वेळ देण्यासाठी आहे. ती जर कामाच्या वेळेतच कोंबली तर आपल्या वाट्याला वेळ येत नाही, नुसता आवाज येतो.

यातला आणखी एक पदर आमच्या गटातल्या एका काकूंनी उलगडून दाखवला. मी त्यांना म्हटलं, या, तुम्हाला रेकॉर्डिंग लावायला शिकवते. तर हात जोडून म्हणाल्या, 'नको गं बाई. मला येतंय असं कळलं की सगळ्यांचं मलाच लावावं लागेल. ह्यांची मॅच, पोरांचं कार्टून, सगळं.' आम्ही खूप हसलो. नंतर माझ्या वाचनात आलं की इंग्लंडातल्या अ‍ॅन ग्रे या अभ्यासिकेनं यॉर्कशरमधल्या बायका आणि व्हिडिओ रेकॉर्डर यावर १९९२ साली पुस्तक लिहिलंय. तिलाही अशा बायका भेटल्या होत्या, ज्या टायमर लावायला मुद्दाम शिकल्या नाहीत, कारण शिकलं की ते आणखी एक घरकाम होऊन बसतं! आमच्या काकूंनी हे पुस्तक बघितलेलंही नाही, पण त्यांचा हिशेब अगदी तोच.

मला काकूंचं शहाणपण कळतं, तरी माझं मत थोडं वेगळं आहे. न शिकण्यानं काम टळतं खरं, पण मग आपल्याला हवं ते साठवायला मुलाची वाट बघावी लागते. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की सोय बंद. त्यापेक्षा शिकावं आपण, आणि शिकवावं सगळ्यांना. आमच्याकडे आता नियम आहे, ज्याला जे हवं त्यानं ते स्वतः नेमायचं, आणि सकाळी पेन ड्राइव्ह बदलायचं काम ह्यांच्याकडे. ते पहाटे देवपूजेला उठतातच, जाता जाता बदलतात. सुरुवातीला चार वेळा विसरले. ज्या दिवशी त्यांना हवा असलेला शेतीचा कार्यक्रम त्यामुळे बुडाला, त्या दिवसापासून विसरत नाहीत!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आता सगळं मोबाइलच्या अ‍ॅपवर मिळतं. मिळतं ना! हॉटस्टार २०१५ साली आलं, झी ५ २०१८ साली. मालिका हवी तेव्हा बघता येतात. ज्यांच्या घरी चांगलं नेट आहे आणि वर्गणी परवडते, त्यांनी जरूर बघाव्यात. पण मोबाइल हा एकटीचा टीव्ही आहे. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात, कानात वायर घालून, डोळे चोळत बघायचं, आणि पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचं. आमच्या आरोग्य शिबिरात 'झोप येत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणी असतात, आणि जरा गप्पा मारल्या की कळतं, झोप येते, पण तोच एक तास त्यांचा स्वतःचा असतो, म्हणून त्या झोप मोडतात. मालिकेसाठी झोप द्यावी लागणं हाही महागडा रिचार्जच आहे.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात आम्ही एक ठरवलं. बैठकीत लिहून वगैरे घेतलं नाही, पण प्रत्येकीनं घरी जाऊन सांगायचं, की दिवसातला अर्धा तास मी बसून बघणार. वेळ जिची तिनं ठरवावी, कारण कार्यक्रम आता थांबतो. कोणी दुपारी दोन म्हणालं, कोणी रात्री साडेनऊ. हातात निवडायची मेथी नको, लसूण नको, घडी घालायचे कपडे नकोत. आणि जमेल तर घरातलं कोणीतरी सोबत बसावं. साठवलेल्या अर्ध्या तासाच्या भागातल्या जाहिराती पुढे ढकलल्या की पाच-सहा मिनिटं वाचतात, कारण नियमानुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती असू शकतात. म्हणजे आपण मागतोय ती खरं तर पंचवीसच मिनिटं!

मी माझी वेळ सांगितली, रात्री पावणेदहा. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले, हात मांडीवर. ह्यांनी दोन वेळा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बरं नाही का?' त्यांची चूक नाही हो. वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला काही न करता बसलेलं बघितलं ते आजारपणातच. मुलगा म्हणाला, 'आई, तू अशीच बसणार आहेस?' म्हटलं, 'हो, अशीच.' चौथ्या-पाचव्या दिवशी ह्यांनी न सांगता भाग लावून ठेवला. आता कधी कधी मध्येच विचारतात, 'हा कोण? कालपर्यंत तर तुरुंगात होता ना?' मग मालिका थांबवून मी त्यांना मागची गोष्ट सांगते. मालिका काही फार थोर नसते, हे मलाही कळतं. पण थांबवता येते, हे फार थोर आहे.

गटातल्या सगळ्याच जणींना हे जमलं असं नाही. पंधरापैकी सहा जणींची वेळ टिकली. दोघींच्या घरी वाद झाले, एकीला सासऱ्यांनी ऐकवलं की एवढा रिकामा वेळ असेल तर चाळीतला कांदा निवडायला चल. ज्यांच्या घरात अजून एकच खोली आणि एकच टीव्ही आहे, त्यांच्याकडे तर हा प्रश्नच वेगळा. त्यांच्यासाठी आम्ही वायर-राउटरच्या भानगडीत न पडता एक पेन ड्राइव्ह आणि साध्या फ्री डिश बॉक्सवर नेम कसा लावायचा, एवढंच दाखवतो. ओट्यासमोर टीव्ही लावलेल्या त्या मैत्रिणीनं मात्र तो तिथून काढून मधल्या खोलीत नेला. तिची वेळ साडेनऊची. तिची मुलगी दहावीला आहे, अभ्यासातून उठून तेवढा वेळ आईशेजारी येऊन बसते. मिस्टर अजून येत नाहीत, पण भांडी घासून ठेवतात, असं तिनं परवा सांगितलं.